रंगराव आणि शिळं पाणी

“भिकू! अरे ऊठ मेल्या! रंगराव आडवो पडलो हा!”

आईची ही हाक आमच्या लालबागच्या चाळीच्या चारही मजल्यांनी ऐकली. नेमका त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला, तो कुणाच्या कानावरच पडला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांचा त्या दिवशी खाडा झाला आणि त्याचं खापर आजही आमच्या दारावर फुटतं. मी चटईवरून उठलो तो एकदम फळीपाशीच पोचलो. मधे जमिनीला पाय लागल्याचं मला आठवत नाही.

फळीवर काचेची बरणी. बरणीच्या तळाशी रंगराव, एका कुशीवर. डोळा उघडा. मोरपिसासारखा निळा होता तो, राखेसारखा झालेला. शेपटी म्हणजे बंद छत्री, आणि छत्रीच्या कडा जळल्यासारख्या झिरझिरीत. मधेच तडफडून वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा दगड टाकावा तसा खाली.

“मेलो काय रे?” आईने विचारलं.

“नाही ग. झोपलाय,” मी म्हणालो.

या आजारपणात मी जी थापांची माळ ओवली, तिचा हा पहिला मणी.

ज्यांच्या घरी असा मासा आहे आणि तो असा आडवा झाला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो. मी तिखटमीठ लावून सांगतो असं लोक म्हणतात. लावतो. पण आजाराचं जे आहे त्यात मिठाचा कणही जास्तीचा नाही, कारण ते मीठ मला फार झोंबलेलं आहे.

रंगराव कोण

माझा धाकटा भाऊ दत्तू बोटीवर खलाशी. शेवटच्या फेरीत सिंगापूरहून परतताना त्याने हा मासा आणला. लढाऊ मासा. आरसा दाखवला की स्वतःवरच छाती काढून धावायचा. एकदा मी दाढी करत असताना त्याने माझ्या आरशावर अशी धडक मारली की बरणी फळीवर वीतभर सरकली. बरं, दोन बोटं सरकली. पण सरकली. बोटीवर तीन हजार मैल दत्तूने हा जीव बाटलीत घालून छातीशी धरून आणला होता.

पुढची बोट मिळेपर्यंत दत्तू घरी होता, आणि ते दिवस घरी बसायचे नव्हते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. दत्तूही सत्याग्रहात गेला आणि पकडला गेला. पोलिसांची गाडी आमच्या नाक्यावरूनच गेली. आतले सगळे घोषणा देत होते. आमचा दत्तू जाळीला तोंड लावून ओरडला, “भिकू, रंगरावाला सांभाळ रे!”

हे आईने ऐकलं. पोरगा तुरुंगात जाताना जे शेवटचं बोलला, ते तिने देवाच्या कौलासारखं धरलं. दत्तूसाठी तिला काही करता येत नव्हतं. डबा नेता येत नव्हता, डोक्याला तेल लावता येत नव्हतं. मग जे करता आलं असतं ते सगळं त्या बरणीच्या वाट्याला आलं. “ह्यो आसा तवर माजो झील आसा,” असं ती एकदाच म्हणाली. पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते वाक्य तेव्हापासून कायमचं बिऱ्हाड करून राहिलं.

माझी बायको शेवंती मला एकदा हळूच म्हणाली, “माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी मला इतक्या वेळा विचारलं नव्हतं हो, बरं वाटतंय का म्हणून.”

“तू आडवी पडली नव्हतीस,” मी म्हणालो.

“बाळंतीण उभी असते वाटतं?” ती म्हणाली, आणि दोन दिवस मला चहात साखर मिळाली नाही.

निदान

पहिली तज्ज्ञ म्हणजे आमची कोळीण हिराबाई. ती रोज सकाळी टोपली घेऊन जिना चढायची. आईने टोपली खाली ठेवू दिली नाही, तशीच तिला आत ओढली.

“हिरा, बघ गो ह्येका.”

मासा बघायचा म्हणजे काय करायचं हे हिराबाईला आणि आम्हा कोकणातल्यांना एकाच रीतीने ठाऊक. तिने हात बरणीत घातला, रंगरावाला दोन बोटांत धरलं, अंगठ्याने कल्ला उचलला आणि उजेडाकडे धरून पाहिलं.

“ताजा हाय,” ती म्हणाली. “कल्ले लाल हायेत. पण आज रांधला तर बरा. उद्याला नाय टिकाचा.”

आईचा चेहरा पाहून हिराबाईच्या लक्षात आलं. तिने मासा अलगद पाण्यात सोडला, हात पदराला पुसला आणि कधी नाही ते खालच्या आवाजात म्हणाली, “माजी जिंदगी मेलेल्यांत गेली गो बाय. जित्याचं मला काय ठावं?”

त्या दिवशी आईने तिच्याकडून मासळी घेतली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. रंगराव उभा राहीपर्यंत या घरात मासळी शिजायची नाही, असं तिने देवीला सांगून टाकलं होतं. मालवणी बाई मासळी सोडते म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळेल. मी तर डाळभाताकडे बघून दोनदा रडलो.

मग आमचे डॉक्टर. चांगला माणूस. त्याने नळी बरणीला लावून पाहिली आणि मान हलवली.

“काय ऐकू आलं?” मी विचारलं.

“तुमच्या आईचं रडणं,” तो म्हणाला. “भिकाजी, ज्याने पाळला त्याला विचारा.”

सगळ्या आजारपणात शहाणपणाचं पहिलं वाक्य हे. मी दत्तूला तेव्हाच का लिहिलं नव्हतं? तर लिहिलं होतं. दर आठवड्याला लिहीत होतो: रंगराव मजेत, रंगराव जाडा झाला, रंगरावाने काल मांजराला पळवलं. पोरगा आत आहे, त्याला कशाला घोर, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मजेचं लिहायला मला मजा येत होती.

पत्र

त्या दिवशी मात्र मी खरं लिहिलं. “रंगराव आडवा पडला आहे. रंग उतरला. हालचाल बंद. आमच्यापैकी कुणालाच काही सुचत नाही. पुढे काय करायचं ते ताबडतोब कळव.”

तुरुंगातली पत्रं आधी तिथले साहेब वाचतात. आता माझं हे पत्र तुम्हीच वाचा आणि त्या दिवसांत एखाद्या साहेबाला काय वाटलं असेल ते सांगा. मला तर खात्री आहे की रंगराव नावाच्या भूमिगत पुढाऱ्याच्या शोधात अर्धं पोलीस खातं परळपासून भायखळ्यापर्यंत फिरत होतं.

दत्तूचं उत्तर आलं. सात ओळी. त्यातल्या पाच काळ्या शाईने फासलेल्या. उजेडाकडे धरलं, दिव्यावर धरलं, पाठीमागून वाचलं. एवढंच शिल्लक होतं: “घाबरू नका. रोज सकाळी”, मग काळं. “आणि चिमूटभर”, मग काळं, काळं, काळं. आणि अगदी शेवटी स्वच्छ अक्षरात, “आईला त्याला हात लावू देऊ नका.”

आई समोर उकिडवी बसलेली. तिला वाचता येत नाही. पदर दोन्ही मुठींत धरलेला.

“मोठ्यान वाच. काय लिवल्यान हा माज्या झिलान?”

काय वाचू? तुझ्या पोराच्या शब्दांवर डांबर ओतलंय, असं सांगू? की त्याने तुलाच हात लावू नको म्हटलंय, असं सांगू? ती त्या कागदाकडे बघत होती. तिला ते काळे पट्टेसुद्धा अक्षरंच वाटत असावीत, ठसठशीत, पोराने जोर देऊन लिहिलेली.

मी घसा खाकरला आणि वाचलं, “घाबरू नका. रोज सकाळी ताजं पाणी घाला. आता आजारी आहे तर दोनदा घाला, सकाळ-संध्याकाळ. आईच्या हाताला गुण आहे. तिलाच करू दे.”

आई हसली. दत्तू गेल्यापासून पहिल्यांदा. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की पत्र घडी घालून खिशात ठेवताना ते खरंच तसं लिहिलेलं आहे असं मला वाटायला लागलं होतं.

ताजं पाणी

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आईला शिळ्या पाण्याची किळस. पहाटे नळाला धार आली की रात्रीचा हंडा मोरीत रिकामा करायचा, राखेने घासायचा, ताजा भरायचा. पाणी अर्धा हंडा उरलेलं असो, ते शिळं. “शिळा पाणी मी वैऱ्याकसुद्धा देवचंय नाय,” हे ती अभिमानाने सांगायची, आणि आमच्या मजल्यावर अशी एकही बाई नव्हती जिचं मत वेगळं होतं.

दत्तू पकडला गेला त्याच दिवशी तिने त्याच्या खाटेखाली झाडू मारला, तर तिथे एक घागर सापडली. पाण्याने भरलेली, वर फडकं, आत बुडाला एक कुजकं पान. “बघ ह्येचा कारभार!” असं म्हणून तिने ती मोरीत ओतली, घागर लख्ख केली आणि रंगरावाची बरणीही राख-चिंचेने घासून थेट नळाच्या धारेखाली भरली. तेव्हापासून रोज. बोटभर पाणी न ठेवता, सगळंच्या सगळं. आणि मी वाचून दाखवलेल्या त्या पत्रानंतर दिवसातून दोनदा.

मी कामावरून यायचो तेव्हा ती बरणी भरून फळीवर ठेवत असायची. पाणी असं नितळ की बरणी रिकामी वाटावी. त्या नितळ पाण्यात रंगराव रोज थोडा थोडा विरत होता. शेपटीचा झिरझिरीत कपडा गळून काड्या राहिल्या. वर येऊन घोट घ्यायचंही त्राण संपलं, तेव्हा आई तळहात पाण्यात धरून त्याला वर उचलायची. तो तिच्या हातावर पडून एक घोट घ्यायचा. असं दर थोड्या वेळाने. ती जेवायला उठायची नाही. शेवंती घास भरवायला गेली तर म्हणायची, “आधी तो खावंदे.” तिचे गाल आत गेले. खरं सांगतो, त्या चार दिवसांत मी कुणालाही एक गोष्ट रंगवून सांगितली नाही. गिरणीत लोक विचारायला लागले, भिकूला ताप आहे काय?

दुसरा मासा आणून ठेवावा हेही मनात आलं. पण जी बाई दहा हातांवरून टोपलीतली सुरमई कालची की आजची ते सांगते, तिच्यापुढे ते नाटक किती टिकणार?

जाळी

मुलाखतीचा दिवस आला. घरी बरणीजवळ शेवंतीला बसवून आम्ही दोघं गेलो. तुरुंगाचं नाव सांगत नाही, त्यांनी मला काही केलेलं नाही. मधे दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये हातभर जागा, आणि त्या जागेत एक शिपाई येरझारा घालणारा. दत्तू पलीकडे आला.

“बारीक झालंस,” आई म्हणाली.

“तू पण. रंगराव कसा आहे?”

“तू सांगलंस तसाच करतंय रे. सकाळ-सांज ताजा पाणी. सगळा बदलतंय. माज्या हातान.”

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. भावाच्या डोळ्यांत असं काही असतं ज्याला जाळी अडवत नाही.

“मी असं लिहिलं होतं?”

मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो. तिथली जमीन दगडी होती, तरी उकरत होतो.

“ते फासलेलं होतं,” मी म्हणालो. “काळं. मी... वाचलं अंदाजाने.”

आई माझ्याकडे वळली नाही. ती दत्तूकडेच बघत होती. “मग तू काय लिवलं होतंस?”

“आई, शिळं पाणी. मी शिळं लिहिलं होतं. नळाच्या ताज्या पाण्यात औषध मिसळलेलं असतं, माणसाला काही होत नाही, त्याला ते भाजतं. घागरीत एक दिवस उघडं राहिलं की उडून जातं. म्हणून ती घागर होती खाटेखाली. आणि रोज एक तांब्याच बदलायचं, सगळं नाही. चिमूटभर जाडं मीठ. आणि बदामाचं वाळकं पान, झाडावरून आपोआप पडलेलं. पाणी चहासारखं होतं, होऊ दे. तिकडचे लोक तसंच करतात.”

आईचे ओठ हलत होते. ती एकेक गोष्ट मुठीत घेतल्यासारखी बोटं मिटत होती. मग मधेच थांबली.

“आणि तू हय काय पितंस?”

“पाणीच की.”

“ताजा?”

दत्तू हसला. “पिंपात भरून ठेवतात ग. कालचं असतं, परवाचं असतं.”

“शिळा?”

“शिळंच.”

शिपाई म्हणाला, “चला, वेळ झाली.”

दत्तूला मागे नेत होते तेव्हा तो मान वळवून ओरडला, “आणि भिकू, पाण्यावर फेस दिसला तर...”

“चला म्हणतो ना!”

दार लागलं.

घरी पोचेपर्यंत आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

चहासारखं पाणी

गिरणीच्या फाटकाशी बदामाचं एक झाड आहे. आईने स्वतः जाऊन तांबूस वाळकं पान उचललं. ते तीनदा धुतलं, एवढी सवय राहणारच. घागर पुन्हा खाटेखाली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाची धार आली, आजूबाजूला हंडे रिकामे झाल्याचे आवाज आले, आणि आमच्या घरातून आवाज आला नाही. आई हंड्यापाशी उभी होती. कालचा, अर्धा भरलेला. हात काठावर. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला विचाराल तर एक पावसाळा.

मग तिने पेला बुडवला, ते शिळं पाणी घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि दुसरा पेला शेवंतीपुढे, तिसरा माझ्यापुढे ठेवला.

“दत्तू पिता,” ती म्हणाली. बस्स, एवढंच.

तेव्हापासून आमच्या घरात शिळं पाणी. शेजारणी नाकाला पदर लावून बघून गेल्या. “ह्यांच्या बरणीत गटार भरलंय,” असं खालपर्यंत गेलं. आई कुणाशी भांडली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

रंगराव तसाच. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. मेला नाही, एवढंच. ज्यांच्या घरी मासा आजारी आहे त्यांना सांगतो: हेच दिवस सर्वांत वाईट. औषध बरोबर आहे हे कळल्यावर हात बांधून बसावं लागतं. आईचा हात सारखा बरणीकडे जायचा आणि अर्ध्यावरून परत यायचा. एकदा मी तिला पदराने स्वतःचं मनगट बांधून बसलेली पाहिली. हे मी वाढवून सांगत नाही.

आणि मग एका सकाळी मी गिरणीत निघालो, तर आई बरणीपुढे मटकन खाली बसली.

पाण्यावर फेस होता. एका बाजूला, काचेला चिकटून, पांढरा, दाट.

“तोंडाक फेस इलो,” ती म्हणाली. ओरडली नाही. आमची आई, जिच्या हाकेपुढे भोंगा लाजतो, ती कुजबुजली. “भिकू, दत्तू काय सांगी होतो? फेस दिसलो तर काय?”

शेवंती माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, देवाशपथ सांगतो. गोल, गुळगुळीत, धीर देणारं. फेस दिसला तर समज की बरा झाला. किंवा, फेस दिसला तर घाबरू नको. दोन्ही सारखीच सुंदर.

“मला माहीत नाही, आई,” मी म्हणालो. “ते ऐकूच आलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा.

“ताजा पाणी घालू?” तिने विचारलं. हात बरणीला लागलेला होता.

“माहीत नाही.”

तिने हात काढून घेतला. आम्ही तिघं बरणीपुढे बसलो. भोंगा झाला, माझा खाडा झाला.

मग रंगराव हलला. तळातून वर आला, सरळ, स्वतःच्या बळावर. हवेचा घोट घेतला, खाली गेला, आणि तोंडातून एक बुडबुडा काढून त्या फेसाला खालून नेमका चिकटवला. परत वर. परत घोट. परत एक बुडबुडा, आधीच्याच्या शेजारी. एक निसटला तर त्याने तो तोंडात धरून पुन्हा जागेवर बसवला. गवंडी भिंत रचतो तसा. शेपटीच्या काड्यांना कडेने पातळ, नवं, निळं काहीतरी फुटत होतं.

“घर बांधता हा,” आई म्हणाली.

मी उठलो तो सज्जात, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडलो. रंगराव जगला, मरणाच्या दारातून परत आला, त्याने बंगला बांधलाय, दोन मजली, या आणि बघा! लोक आले. हिराबाई टोपलीसकट आली. मी त्यांना सांगत सुटलो: माझी मुलाखत, माझी जाळी, माझा धीर, शिपायाला मी काय सुनावलं ते, जे मी सुनावलंच नव्हतं. बऱ्याच दिवसांनी जीभ सुटली होती. शेवटी सगळे गेल्यावर मी आईकडे वळलो. तिच्या तोंडून एक शब्द हवा होता मला. माफीचा, कौतुकाचा, कसलाही.

“बघितलंस ना, आई? जगला की नाही? आता दत्तूपण येईल बघ. लवकरच सुटेल. मला आतून वाटतंय.”

आईने बरणीवर फडकं घातलं आणि म्हणाली, “बरा. उद्याचो हंडो भर.”